भाकरी हक्काची की मेहेरबानीची?

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ लोहमार्गावर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या लोखंड कारखान्यात राबणारी ही माणसे मूळची मध्य प्रदेशातील उमरिया व शहडोल या जिल्ह्यांतली. टाळेबंदीने काम गेले, गावाकडे नेणारी गाडी भुसावळहून मिळेल अशी आशा होती, म्हणून रुळांच्या कडेने ती पायी निघाली होती. वर्तमानपत्रांत त्या अपघाताची जी छायाचित्रे आली त्यांत रुळांच्या मधोमध विखुरलेल्या पोळ्या दिसत होत्या. वाटेसाठी बांधून घेतलेले ते अन्न होते. देशाची कोठारे त्या उन्हाळ्यात धान्याने भरलेली होती. मात्र परराज्यातील मजुराला कामाच्या ठिकाणी शिधा मिळावा ही व्यवस्था अजून कागदावर आकार घेत होती. करमाडच्या रुळांपर्यंत ती पोचली नाही.

त्यानंतर चार वर्षांनी, १३ मे २०२४ रोजी, जालना आणि औरंगाबाद या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. या निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली होती. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १९ मार्च २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात राज्यांना पुन्हा एकदा बजावले : ई-श्रम नोंदवहीत नाव असलेले, परंतु शिधापत्रिका नसलेले जे सुमारे आठ कोटी श्रमिक आहेत, त्यांना दोन महिन्यांच्या आत शिधापत्रिका द्या. याच अर्थाचा आदेश २० एप्रिल २०२३ लाही झाला होता, आणि तेव्हा मुदत तीन महिन्यांची होती. ऐन निवडणुकीच्या तोंडावर आठ कोटी माणसांच्या भाकरीविषयी देशातील सर्वोच्च न्यायपीठ बोलते, ही घटना प्रचाराचा पहिला विषय व्हायला हवी होती. प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगरच्या प्रचाराचा मोठा भाग शहराचे नाव, आरक्षण आणि जातिधर्मांची बेरीज-वजाबाकी यांभोवतीच फिरला. करमाडची आठवण व्यासपीठावर आली असेल तर श्रद्धांजलीपुरती.

अन्नाचा प्रश्न निवडणुकीत आलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो आला, आणि मोठ्या गाजावाजाने आला. पण आला तो भेटवस्तूच्या वेष्टनात. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी छत्तीसगडमधील दुर्ग येथे विधानसभेच्या प्रचारसभेत पंतप्रधानांनी जाहीर केले की, देशातील गरिबांना मिळणारे मोफत धान्य आणखी पाच वर्षे चालू राहील. मंत्रिमंडळाचा निर्णय त्यानंतर, २९ नोव्हेंबरला झाला. ८१ कोटी ३५ लाख लोक आणि पाच वर्षांचा ११ लाख ८० हजार कोटी रुपयांचा खर्च, एवढ्या व्याप्तीचा निर्णय आधी सभेत सांगितला गेला आणि मग मंत्रिमंडळापुढे आला. विरोधकांनी याला कसे उत्तर दिले? १५ मे २०२४ रोजी, म्हणजे मराठवाड्याचे मतदान संपल्यावर दोन दिवसांनी, काँग्रेसच्या अध्यक्षांनी लखनौ येथे आश्वासन दिले की आमची सत्ता आल्यास पाचऐवजी दहा किलो देऊ. एकाने पाच म्हणावे, दुसऱ्याने दहा म्हणावे, असा हा लिलाव झाला. लिलावात बोली लावणारा कोण हे सर्वांना ठाऊक असते. विकली जाणारी वस्तू कोणती, एवढेच कोणी मोठ्याने बोलत नाही.

या लिलावाच्या गोंगाटात एक साधी गोष्ट विसरली गेली. ते पाच किलो कोणा नेत्याने दिलेले नाहीत. २०१३ साली संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला. त्यानुसार ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंतचा वर्ग धान्याचा हक्कदार ठरला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. तो कायदाही कोणाच्या उदारपणातून जन्मला नाही. राजस्थानात दुष्काळ असताना आणि सरकारी गोदामे भरून वाहत असताना एप्रिल २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने शाळेतील शिजवलेले भोजन, अंगणवाडीचा आहार, अंत्योदयाचे धान्य या सरकारी योजनांचे रूपांतर नागरिकांच्या हक्कांत केले. त्या अर्जापासून कायद्यापर्यंत बारा वर्षे गेली, आणि त्या बारा वर्षांत देशभर असंख्य कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, जनसुनावण्या घेतल्या, दुकानांच्या नोंदवह्या तपासल्या.

हिशेब काय सांगतो?

मोफत धान्याचे जे कौतुक झाले त्याचा हिशेब एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे. एप्रिल २०२० पासून, मधले काही महिने वगळता, डिसेंबर २०२२ पर्यंत कायद्याच्या पाच किलोंवर आणखी पाच किलो धान्य माणशी विनामूल्य मिळत होते. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला म्हणजे ५० किलो धान्य मिळे. त्यातील २५ किलोंसाठी त्यास फार तर ७५ रुपये मोजावे लागत. १ जानेवारी २०२३ पासून जादा धान्य बंद झाले आणि कायद्याचे २५ किलो मोफत झाले. कुटुंबाचे वाचले ७५ रुपये आणि गेले २५ किलो धान्य. या धान्याची किंमत किती धरावी? महाराष्ट्र शासनानेच त्याच वर्षी दुसऱ्या एका योजनेत पाच किलो धान्याऐवजी १५० रुपये ठरवले, म्हणजे किलोला ३० रुपये. त्या दराने २५ किलोंचे ७५० रुपये होतात. ७५० रुपयांची कपात ७५ रुपयांच्या सवलतीत गुंडाळून तिला भेट म्हणून सादर करण्यात आले, आणि या साध्या अंकगणिताचा जाब गावोगाव विचारला गेला नाही. महामारी ओसरल्यावर जादा धान्य चालू ठेवावे की नाही याविषयी मतभेद असू शकतात. पण जे घडले त्याचे नाव कपात आहे, आणि ते लोकांना कपात म्हणूनच सांगितले गेले पाहिजे होते.

आणखी एक गोष्ट. शिध्याच्या धान्यासाठी ‘मोफत’ हा शब्द मूळ कायद्यात नाही. तो मंत्रिमंडळाच्या निर्णयात आहे आणि त्या निर्णयाला मुदत आहे. १ जानेवारी २०२४ पासूनची पाच वर्षे २०२८ च्या डिसेंबरअखेर संपतात. त्यानंतरची लोकसभा निवडणूक २०२९ च्या उन्हाळ्यात अपेक्षित आहे. चार-पाच महिन्यांचे हे अंतर पाहिले म्हणजे पुढील प्रचारसभांतून कोणती घोषणा ऐकू येणार, याचा अंदाज बांधण्यास ज्योतिषाची गरज नाही. हक्काला मुदत नसते. ज्याला मुदत असते आणि जे दर निवडणुकीत नव्याने मागून घ्यावे लागते, त्याला मेहेरबानी म्हणतात.

मराठवाड्याची आठवण

भाकरी हक्काने कशी मिळवायची असते हे मराठवाड्याला कोणी बाहेरून शिकवावे लागू नये. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत ‘गरिबी हटाव’ची घोषणा देशभर दुमदुमली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर असा दुष्काळ कोसळला की ज्वारीचे कणीस दिसेना. बी-बियाणेही पोटात गेले. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांवर माणसे जगली. त्या वेळच्या पिढीच्या तोंडात मिलोची ती चव अजून आहे. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, नालाबंडिंग करायला जमीनदाराच्या शेजारी भूमिहीन उभा राहिला. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोचली होती.

त्या संकटात दोन मार्ग मोकळे होते. सरकारने अन्नछत्रे घालावीत आणि लोकांनी ओंजळ पसरावी, हा एक. कामाची मागणी करावी आणि काम देणे सरकारवर बंधनकारक करावे, हा दुसरा. गावोगावी मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, केंद्रांवर मजुरी वेळेवर मिळावी म्हणून संप झाले. मुंबईत त्याच १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि स्वयंपाकघरातले लाटणे रस्त्यावर आले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या लोकक्षोभाच्या रेट्यात राज्याची योजना झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातील मजुराच्या कामासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला.

या कायद्यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. मजुराने काम मागितले आणि पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर शासनाने बेकारभत्ता दिला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. भत्ता क्षुल्लक होता, तो मिळवताना नाकी नऊ येत, कामावरील मुकादम हजेरीपटात खोटी नावे घालत, मजुरी तुटपुंजी असे, हे सगळे खरे. पण चूक झाली तर दंड कोणाला, याचे उत्तर त्या कायद्याने सरकारकडे बोट दाखवून दिले. हक्क आणि मेहेरबानी यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे. मेहेरबानी मिळाली नाही तर माणूस हळहळतो. हक्क मिळाला नाही तर तो दाद मागतो. देशाने २००५ साली रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्रातील मजुरांचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

अन्न सुरक्षा कायद्यातही हे मर्म आहे. धान्य दिले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे. प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी, राज्यात अन्न आयोग, सामाजिक अंकेक्षण, गाव ते राज्य अशा सर्व पातळ्यांवर दक्षता समित्या, ही सर्व यंत्रणा कायद्यात नमूद आहे. किती गावांत दक्षता समितीच्या सभा होतात? किती कुटुंबांना त्या भत्त्याचे नाव तरी ठाऊक आहे? दुकानावरील नेत्याचे छायाचित्र मात्र सर्वांना ठाऊक असते. सप्टेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील एका शिधादुकानात पंतप्रधानांचे छायाचित्र नाही म्हणून केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्याला सर्वांसमक्ष जाब विचारला होता. दक्षता समितीचा फलक का नाही, म्हणून असा जाब कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

धान्याऐवजी पैसे

मराठवाड्याच्या बाबतीत हक्क निसटण्याची एक घटना अगदी अलीकडची आहे आणि तिची चर्चा फार थोडी झाली. २०१५ साली राज्य शासनाने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य २ रुपये गहू, ३ रुपये तांदूळ या दराने देण्यास प्रारंभ केला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. केंद्राच्या कायद्याच्या यादीत न बसणारा, परंतु नापिकीने आणि कर्जाने खचलेला कोरडवाहू शेतकरी या निर्णयाने निदान शिध्यापुरता सावरला. २०२२ मध्ये या योजनेसाठी केंद्राच्या कोठारातून मिळणारे धान्य बंद झाले. पर्यायी धान्य उभे करण्याऐवजी शासनाने २०२३ च्या आरंभी धान्यच रद्द केले आणि त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. पैसे मिळाले की ज्याला जे हवे ते तो घेईल, ज्वारी खाणारा ज्वारी घेईल, असा युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु धान्य आणि रक्कम यांत एक मूलभूत फरक आहे. पाच किलो धान्य बाजार चढला तरी पाच किलोच राहते. १५० रुपयांचे तसे नाही. धान्य ३० रुपये किलो असेल तर ते पाच किलो येते, ३६ रुपये झाले तर सव्वाचार किलोही येत नाही. भाववाढीचा बोजा पूर्वी सरकार वाहत होते, आता तो शेतकऱ्याच्या खांद्यावर आला. रक्कम भावाशी बांधलेली नाही, ती शासन निर्णयाशी बांधलेली आहे. शिवाय घरात आलेले धान्य चुलीकडे जाते. खात्यात आलेल्या पैशावर खतवाल्याची उधारी, दवाखाना, मुलांची फी असे दहा हक्कदार उभे असतात. आणि धान्याचे दुकान हे बायामाणसांनी एकत्र येऊन बोलण्याचे, माप कमी भरले तर भांडण्याचे ठिकाण होते. बँकेच्या दारात प्रत्येकजण एकटा असतो. ज्या शेतकऱ्याने देशाचे कोठार भरावे, त्याच्याच जिल्ह्यात त्याच्या ताटातील धान्य शासन निर्णयाने काढून घेतले जाते, आणि त्यानंतरच्या लोकसभा व विधानसभा या दोन्ही निवडणुकांत त्यावर वादळ उठत नाही, हे लोकशाहीच्या प्रकृतीचे चांगले लक्षण नव्हे.

रेवडीचा आक्षेप

या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो. निवडणुकीत अन्नाचे आश्वासन देणे म्हणजे रेवडी वाटणे, लोकांना आळशी करणे, करदात्यांचा पैसा उधळणे, असे शहाणीसुरती माणसे म्हणतात. ‘रेवडी’ हा शब्द १६ जुलै २०२२ च्या भाषणात पंतप्रधानांनीच रूढ केला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनीच दुर्गच्या सभेत मोफत धान्याची मुदत वाढवली. विसंगतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मूळ आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे.

निवडणुकीत अन्नाविषयी वचन देणे यात गैर काही नाही. लोकशाहीत लोक मत देतात ते आपले जगणे सुधारावे म्हणूनच. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. जे कर्तव्य आहे त्याचे वचन देण्यात लाच कसली? ५ जुलै २०१३ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यांतील फुकटच्या वस्तूंबाबत निवडणूक आयोगास मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले, आणि त्याच दिवशी राष्ट्रपतींनी अन्न सुरक्षेचा वटहुकूम जारी केला. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. घरोघर वाटलेला दूरचित्रवाणी संच आणि कायद्याने बांधलेला शिधा यांच्यात जो फरक आहे, तो विवेकी माणसाला दिसतो.

आक्षेपाचा जो भाग खरा आहे तोही मान्य केला पाहिजे. महाराष्ट्रात १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रांच्या जागा मोक्याच्या होत्या. काही वर्षांत भाकर गेली आणि केंद्रे उरली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. टाळेबंदीच्या काळात ती पाच रुपयांना आणि पुढे काही महिने विनामूल्य मिळाली. तिने शहरातील असंख्य मजुरांना जगवले, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ आला. २०२५ च्या गणेशोत्सवात तो आला नाही. सरकारे बदलली, तिजोरीची ओढाताण झाली, मुख्यमंत्र्यांची मर्जी फिरली की या योजना सुकतात. कारण त्यांच्यामागे कायदा नाही आणि त्या बंद पडल्यावर दाद मागण्याचे ठिकाण नाही. शाळकरी मुलांच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे २०२३ च्या अखेरीस आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक पार पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी राज्याने थांबवला. लोकवर्गणीतून जमले तर द्यावे, असे शाळांना सांगण्यात आले. मुलांना मत नसते.

ज्या राज्यात हे घडले तेथील चित्र काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. महिन्याला पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम पीठ, कष्टकरी माणसाच्या दोन भाकरी. त्यात डाळ नाही, तेल नाही. पोट भरण्याचाही हा पुरता हिशेब नव्हे, मग पोषण दूरच. १९६३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले आणि सरकारने पंधरा आणे म्हणून उत्तर दिले. तो वाद आकड्यांचा होता आणि ताटाचाही होता. आज कोणत्याही पक्षाचा उमेदवार ताटाचा असा हिशेब घेऊन सभेत उभा राहत नाही.

वगळलेल्यांचे काय?

ताटात काय आहे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ताट कोणापुढे आहे हा होय. कायद्याचे सारे कोटे २०११ च्या जनगणनेवर ठरलेले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसे आली, ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे २०११ नंतर जन्मलेली मुले, लग्न होऊन आलेल्या सुना, वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पोटासाठी आलेली कुटुंबे, यांच्यासाठी यादीत जागा तेव्हाच होते, जेव्हा कोणाचे तरी नाव कमी होते. पात्रतेची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये अशी राहिली. शहरात ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांहून कमी. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार एवढ्याने श्रीमंत ठरतो. त्यात अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही म्हणून परत जाणारी म्हातारी आणि सहा महिने ऊसतोडीला गेल्याने पडताळणीच्या वेळी गावात नसलेले कुटुंब यांची भर घालावी. गरिबाला गरीब असल्याचा दाखला द्यायला लावणारी व्यवस्था सर्वांत गरिबाला प्रथम गाळते, हा अनुभव जुना आहे.

कार्यकर्त्यापुढील काम

दोष सत्ताधाऱ्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. चळवळीच्या कार्यकर्त्याने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. तहसील कचेरीत जाऊन एखाद्याची शिधापत्रिका काढून देणे, यादीत नाव घालून देणे, ही ‘कामे’ पुरोगामी म्हणवणारे कार्यकर्तेही करतात आणि निवडणुकीत त्या उपकाराची परतफेड मतांच्या रूपाने अपेक्षितात. हेतू चांगला असतो, पण परिणाम तोच होतो. माणूस शिकतो की शिधा साहेबाच्या ओळखीने मिळतो. साहेब बदलला, टोपीचा रंग बदलला, तरी शिकलेला धडा बदलत नाही. ‘लाभार्थी’ हा शब्द सरकारी परिपत्रकांतून कार्यकर्त्यांच्या तोंडी केव्हा आला आणि ‘हक्कदार’ हा शब्द केव्हा मागे पडला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

यावर उपाय मोठ्या सिद्धांतांत नाही, तो कामाच्या पद्धतीत आहे. एका माणसाचा अर्ज हाती घेऊन जाण्याऐवजी वस्तीतल्या सर्व वगळलेल्या कुटुंबांची यादी वस्तीसमोर वाचून करावी आणि ती सर्वांनी मिळून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे नेऊन पोच घ्यावी. दक्षता समितीची सभा मागावी, तिचा वृत्तान्त मागावा. धान्य न मिळाल्यास भत्ता मागावा, तो नाकारल्यास राज्य अन्न आयोगाकडे जावे. निवडणुकीच्या काळात ‘आचारसंहिता आहे’ म्हणून शिधापत्रिकेचे अर्ज बाजूला ठेवले जातात. आचारसंहिता नव्या घोषणांना अडवते, चालू कायद्याखालील काम अडवत नाही, हे कचेरीत आणि वस्तीत दोन्हीकडे सांगितले पाहिजे.

आणि उमेदवार दारात येईल तेव्हा किती किलो देणार, हा एकच प्रश्न त्याला विचारू नये. नव्या जनगणनेनुसार कोटा वाढवण्यासाठी संसदेत काय करणार? मोफत धान्याची हमी मुदतीच्या निर्णयातून काढून कायद्यात घालणार का? डाळ, तेल आणि मराठवाड्याची ज्वारी-बाजरी शिध्यात नियमाने आणणार का? चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्याला धान्य परत देणार का, आणि रक्कमच द्यायची तर ती बाजारभावाशी बांधणार का? परगावच्या मजुराला कामाच्या ठिकाणी शिधा मिळाला नाही तर जबाबदार कोण असेल? ही उत्तरे लेखी घ्यावीत, चावडीवर लावावीत आणि पाच वर्षांनी त्याच कागदासमोर त्याला उभे करावे. उत्तर न देणाऱ्याचे नावही त्याच कागदावर असावे.

घेणाऱ्याने लाजावे आणि देणाऱ्याने छाती फुगवावी, असे अन्नाच्या व्यवहारात काही नाही. पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली तेव्हा बाबा आढावांनी त्या नावातच हे सांगून ठेवले होते. सरकारी कोठारातील धान्य शेतकऱ्याने पिकवलेले, हमालाने वाहिलेले आणि कर भरणाऱ्या जनतेच्या पैशाने विकत घेतलेले असते. जे मुळात लोकांचेच आहे ते लोकांना देताना आभाराची अपेक्षा कोणी करू नये, आणि त्या बदल्यात कोणी मत मागू नये.

करमाडच्या रुळांवर जे मजूर गेले त्यांना कोणाची मेहेरबानी नको होती. कामाच्या गावी काम थांबले तर तेथेच चूल पेटती राहील एवढी खात्री असती, तर त्यांना रुळांची वाट धरावी लागली नसती. पुढील निवडणुकीत या जिल्ह्यात जो कोणी मत मागायला येईल, त्याला ही खात्री मागणे हीच त्या सोळा जणांची खरी आठवण ठरेल.